साहेबराव पेंटरने खोडलेला जिल्हा

चाकूरच्या साहेबराव सोनकांबळ्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण लिहिता फार सुंदर येत होतं. ते पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या फळ्या, गाड्यांचे नंबर यांतच त्यांची तीस वर्षं गेली होती. 'गुड्स कॅरिअर' ही अक्षरं त्यांनी शेकडो वेळा काढली असतील. इंग्रजी 'एस'च्या पोटाला किती बाक द्यायचा आणि 'आर'ची तंगडी कुठवर आणायची, हे त्यांना नेमकं माहीत होतं. त्या अक्षरांचा मिळून काय अर्थ होतो, हे मात्र गिऱ्हाईक सांगेल तेवढंच. गल्लीतल्या माणसांचे चेहरे ओळखावेत आणि त्यांच्याशी कधी बोलणं होऊ नये, तसा त्यांचा आणि इंग्रजीचा संबंध होता.

ऑगस्ट ब्याऐंशीत लातूर जिल्हा झाला आणि साहेबरावांच्या कुंचल्याला वाळायला सवड मिळेना. गावोगावच्या शाळा, सोसायट्या, ग्रामपंचायती, दूध डेअऱ्या, सगळ्यांच्या पाटीवर खाली 'जि. उस्मानाबाद' होतं. ते जाऊन तिथं 'जि. लातूर' यायचं होतं. साहेबरावांची रीत ठरलेली असे. आधी जुन्या जिल्ह्यावर पांढऱ्याचा एक हात, तो वाळेपर्यंत एक बिडी, मग खडूच्या दोरीने रेघ आणि रेघेवर 'लातूर'. 'तू'च्या उकाराला ते जरा जास्तच डौल देत. आपला जिल्हा आला म्हणून त्यांना मनापासून आनंद झाला होता. थोरली लेक सिंधु हिला नव्या कलेक्टर कचेरीत टायपिस्टची नोकरी लागली होती, तेव्हा हा जिल्हा आपल्यासाठीच झाला, असं त्यांना वाटलं तर त्यात नवल नव्हतं.

सहा महिन्यांत हाताला सवय जडली. उस्मानाबाद दिसलं की हात शिवशिवे. शिडी खांद्यावर आणि डबे सायकलला, असं फिरून गुडघा बोलायला लागला होता, म्हणून जिल्हा व्हायच्या थोडं आधीच त्यांनी एक जुना तीनचाकी टेम्पो घेतला होता. पुढच्या बाजूने लांब नाक असलेल्या त्या टेम्पोला सगळीकडे डुक्करच म्हणत. साहेबरावांना ते आवडत नसे, पण कुणाकुणाचं तोंड धरणार?

टेम्पोचा विमा काढताना एजंटाने विचारलं, "साधा काढू का फुल?"

साहेबरावांनी क्षणभर विचार केला. त्यांच्या धंद्यात रंगाच्या एकाच हाताचं काम पहिल्या उन्हाळ्यात पोपडे धरतं. ते म्हणाले, "फुल काढा. अर्धवट काम आपल्याला जमत न्हाई."

एजंटाने कागद हाती दिला. "काही झालं तर गाडीला हात लावायच्या आधी हापिसात कळवा," एवढं बजावून तो गेला. फुल म्हणजे काय, हे त्याने सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही.

नव्या जिल्ह्याचा पहिलाच उन्हाळा दुष्काळाचा निघाला. विहिरी मार्चातच आटल्या. चाकूरहून शिरूर अनंतपाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुष्काळी काम निघालं, आणि कडेला बायामाणसांनी फोडलेल्या खडीचे ढीग लागले. एका शनिवारी सकाळी साहेबराव एका शाळेच्या पाटीसाठी निघाले होते. समोरून पाण्याचा टँकर आला. टँकरला वाट द्यायला त्यांनी टेम्पो बाजूला घेतला, पुढचं एकुलतं चाक खडीच्या ढिगावर चढलं आणि टेम्पो कुशीवर होऊन रस्त्याकडेच्या चारीत गेला.

मुकादम दगडोबा आणि खडी फोडणाऱ्या बाया धावत आल्या. चारीत लाल ओघळ चाललेला पाहून त्यांच्यातल्या सरजाबाईंनी तोंडावर हात मारून घेतला. "आगं माय! मेलं की गं माणूस!"

"रगत न्हाई, रंग हाय!" टेम्पोच्या आतून आवाज आला. "रेड ऑक्साईड! डबा सरळ करा आधी, समदा सांडून राहिला!"

साहेबरावांचं कोपर तेवढं खरचटलं होतं. टेम्पोचं नाक मात्र आत गेलं होतं, काच फुटली होती, पुढचं चाक वाकडं झालं होतं, टायर फाटला होता आणि आतली शिडी मोडली होती. ते त्याच्याभोवती दोन वेळा फिरले. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पुन्हा सायकलवर शिडी घेऊन हिंडावं लागेल, हे त्यांना तिथंच दिसलं.

दगडोबा म्हणाला, "चला, धा जण लावून उभा करू."

"नगा. हात लावायचा न्हाई. इमा हाय."

"इमा?" दगडोबा हसला. "पेंटर, इमा समोरच्यासाठी असतोय. आमच्या साडूच्या ट्रकाचं बघितलंय की मी. तुमी ज्याला धडकलाव त्याचं कंपनी भरून देती. तुमच्या डुकराला छदाम न्हाई. थर्ड पार्टी म्हणतेत त्याला."

"तिसरी पार्टी?" सरजाबाई म्हणाल्या. "आपल्या गावात तर दोनच पार्ट्या हायत. तिसरी कव्हा उभी राहिली?" सगळ्या बाया हसल्या. मग सरजाबाईंनीच पुढे विचारलं, "आन ह्ये तर माझ्या ढिगाला धडकले. मंग ढिगाचं मला मिळंल का?"

साहेबरावही हसले, पण दगडोबाचं बोलणं त्यांच्या डोक्यात अडकून बसलं. आपण फुल घेतला खरा. पण फुलमध्ये आपली गाडी आहे की नाही?

टेम्पोवर नजर ठेवायचं सरजाबाईंनी कबूल केलं. चौकीत खबर देऊन साहेबराव एसटीने लातूरला गेले. विमा कंपनीच्या ऑफिसात अर्ध्या दिवसाची आवराआवर चालली होती. टेम्पोच्या नंबरावरून कारकुनाने रजिस्टरमध्ये नोंद शोधली, अर्ज लिहून घेतला आणि सांगितलं, "सोमवारी सर्वेअर येतील. जागा बघतील, गाडी बघतील. मूळ पॉलिसी आणि गाडीची कागदं तयार ठेवा."

"साहेब, माझी गाडी ह्याच्यात हाय का?"

"कागदात सगळं लिहिलेलं असतं. वाचा ना," असं म्हणून कारकुनाने खिडकी लावून घेतली.

सिंधुला बरोबर घेऊन ते घरी आले. रविवारी सकाळी धुरपताबाईंनी, म्हणजे सिंधुच्या आईने, ट्रंकेतून कागद काढला. तिघं ओट्यावर बसली. साहेबरावांनी इतके महिने त्या कागदाकडे पेंटरच्या नजरेने पाहिलं होतं: मथळा ठसठशीत, खालचा मजकूर मुंग्यांसारखा. त्या मुंग्या काय घेऊन चालल्यात, याची उत्सुकता त्यांना पहिल्यांदाच वाटली.

"आधी ही पार्टीची भानगड सांग," ते म्हणाले.

सिंधु म्हणाली, "बाबा, हा करार आहे. पहिली पार्टी तुम्ही, दुसरी कंपनी. या करारात जो नाही, रस्त्यावरचा कुणीही, तो तिसरा. तुमच्या गाडीने त्याचं नुकसान झालं, तर त्याची भरपाई. एवढा विमा सरकारने सक्तीचा केलाय. त्याच्याबिगर गाडी रस्त्यावर आणताच येत नाही."

"मंग टेम्पो कितवा?"

"टेम्पो पार्टी नाही. टेम्पो तुमचा. त्याचं कलम वेगळं असतं, आणि ते सक्तीचं नसतं. घेतलं तर असतं, नाही तर नाही." तिने बोट सरकवत नेलं आणि ते थांबलं. "हे बघा. कलम एक. गाडीचं स्वतःचं नुकसान. आहे बाबा, तुमच्या कागदात आहे! दगडोबाकाकांच्या साडूने साधा काढला असंल, त्यात हे कलमच नसतं."

साहेबरावांनी मोठा श्वास सोडला. पण एवढ्यावर त्यांचं समाधान होईना. "काय काय झालेलं चालतं? वाच की समदं."

सिंधुने वाचून सांगितलं. आग लागली, वीज पडली, चोरी झाली, दंगलीत कुणी फोडली, पूर आला, भूकंप झाला...

"भूकंप?" धुरपताबाई हसल्या. "आपल्याकडं कुठला आलाय भूकंप! प्यायला पाणी न्हाई आन पूर म्हणं."

"...आणि बाहेरून झालेला अपघात. धडकणं, उलटणं, हे त्यात आलं. आता काय चालत नाही ते ऐका. गाडी जुनी होऊन झिजली, गंजली, इंजन आपल्या आपण बिघडलं, तर नाही. चालवणाऱ्याकडे लायसन नसलं तर नाही. दारू पिऊन चालवली तर नाही."

"हे कलम कुणी लिहिलं त्याचं भलं हो," धुरपताबाई म्हणाल्या.

"मी कव्हा पिलो गं?"

"म्हणूनच म्हणलं. तुमची गाडी बसली ह्याच्यात."

"टायरचं ऐका," सिंधु म्हणाली. "नुसता टायर फाटला तर काही नाही. गाडीबरोबर त्याच अपघातात फाटला, तर निम्मं कंपनी देणार, निम्मं आपलं. टायर तसाही झिजत असतो ना."

"बराबर हाय," साहेबराव म्हणाले. कागदातली अक्कल त्यांना पटत चालली होती. आपणही जुन्या पाटीवर नवा हात देताना लाकूड किती कुजलंय ते बघूनच बोलतो.

सिंधुने पहिलं पान पुन्हा उलटलं. वर मालकाचं नाव आणि पत्ता टाईप केलेला होता. ती वाकली. मग तिने हळूच विचारलं, "बाबा, हे कुणी केलंय?"

पत्त्यातल्या 'उस्मानाबाद'वर बारीक कुंचल्याने सरळ काळी रेघ मारलेली होती, आणि तिच्या वर इंग्रजीत पाच सुबक अक्षरं होती: 'लातूर'. प्रत्येक अक्षराला उजवीकडून सावली दिली होती.

"मीच की," साहेबराव कौतुकाने म्हणाले. "जिल्हा बदलला न्हाई का? रेशनकार्डावर बी केलंय."

"कंपनीच्या कागदावर?" सिंधुचा आवाज चढला. "बाबा, हा कागद आपला नाही, कराराचा आहे! आपल्या हाताने खोडलं की त्याला खाडाखोड म्हणतात. उद्या ते विचारतील, जिल्हा बदलला तसं आणखी काय बदललं? आमच्या कचेरीत एक अक्षर खोडलं तरी साहेबाची सही घ्यावी लागते."

साहेबरावांचं तोंड उतरलं. सिंधुने भीतभीत विचारलं, "गाडीच्या आरसी बुकावर बी...?"

"ते मी त्यांच्या हाती दिलंच न्हाई," धुरपताबाई म्हणाल्या. "हात वळवळायला लागला की मला कळतंय." त्यांनी फडक्यात गुंडाळलेलं बुक काढून दाखवलं. त्यावर जुना जिल्हा जसाच्या तसा होता.

त्यांनी बुक पुन्हा फडक्यात गुंडाळून ठेवलं. मग धुरपताबाईच म्हणाल्या, "कागद हरवला म्हणून सांगा. नक्कल मागा."

तसं केलं असतं तर कदाचित चाललंही असतं. साहेबराव कागदावरच्या त्या पाच अक्षरांकडे पाहत होते. अख्ख्या तालुक्यात कुणीही ओळखावं असं ते अक्षर होतं. "पाटीच्या कोपऱ्यात मी माझं नाव टाकतो," ते शेवटी म्हणाले. "चांगलं झालं तर माझं, आन बिघडलं तर न्हाई, असं कसं म्हणू? उद्या सांगून टाकतो."

सोमवारी सर्वेअर आले. बसवंत मठपती त्यांचं नाव. देगलूरचे, नांदेडला राहणारे. झालेलं नुकसान किती, हे कंपनीसाठी पाहून लिहून देणं हे त्यांचं काम. हातात टेप, गळ्यात कॅमेरा. उन्हातल्या खडीच्या ढिगावर त्यांनी चाकाची खूण पाहिली, टँकर कुठून आला ते विचारलं, सरजाबाईंचं म्हणणं ऐकून घेतलं.

"टेम्पो हलवला का कुणी?"

"हात लावू दिला न्हाई साहेब," सरजाबाई म्हणाल्या. "एक म्हातारी त्याच्यावर शेळी बांधाय लागली तर तिला बी हाकललं."

मठपतींनी टेम्पोचा एकेक भाग पाहून टिपून घेतला. नाक, काच, पुढचं चाक, दिवा, दार. मागच्या कोपऱ्यात एक खळगी होती. "ही पण आत्ताचीच का, पेंटर?"

साहेबरावांनी दगडोबाकडे पाहिलं. दगडोबा डोळ्यांनी 'हाव म्हणा' असं खुणावत होता.

"न्हाई साहेब. ती संक्रांतीला घरामागच्या लिंबावर घेतली."

"आणि खालचा पत्रा?"

"तो गंजलेला होता. धडकल्यानं आता खाली आलाय, पण गंज माझ्या घरचा."

मठपती पहिल्यांदाच हसले. "कागदं काढा."

साहेबरावांनी पिशवीतून कागद काढला, पण दिला नाही. "आधी सांगतो, मंग द्येतो," ते म्हणाले, आणि त्यांनी सगळं सांगितलं: पाट्या, पांढऱ्याचा हात, शिवशिवणारी बोटं. मठपतींनी कागद उन्हात धरला आणि बराच वेळ पाहिला.

"शेडिंग सुद्धा?"

"सवय हो साहेब."

"अय्यो, शिक्षा करायला तर शेडिंगबद्दलच करावी," ते म्हणाले आणि लगेच गंभीर झाले. "हे बघा पेंटर. नुकसान मी लिहून देतो, ते खरं आहे. पण कागद मंजूर करणं माझ्या हातात नाही. खाडाखोड दिसली की ऑफिसला शंका येणार, आणि येऊ नये असं मी म्हणणार नाही. उद्या लातूरला जाऊन जबाब लिहून द्या."

दुसऱ्या दिवशी साहेबराव ऑफिसात शाखाधिकाऱ्यांपुढे बसले. त्यांनी कागद पुढे सरकवला. अधिकाऱ्यांनी कागद पाहिला, त्यांच्याकडे पाहिलं, पुन्हा कागद पाहिला.

"हे तुम्ही केलं?"

"व्हय साहेब."

"का?"

"जिल्हा बदलला म्हणून."

"जिल्हा सरकारने बदलला. तो सरकारच्या कागदावर. आमच्या कागदावर कोण बदलणार?"

"आता कळलं साहेब. तुमीच."

अधिकाऱ्यांनी कारकुनाला ऑफिसची प्रत आणायला सांगितली. धूळ झटकून फाईल आली. अधिकाऱ्यांनी दोन्ही कागद टेबलावर शेजारीशेजारी ठेवले. तारीख, नंबर, इंजनाचे आकडे, कलमं. त्यांची नजर वरून भरभर चालली होती, पण साहेबराव खुर्चीतून पुढे सरकले.

"साहेब, मी बघू का? मला वाचता येत न्हाई, पण अक्षर अक्षराला लावता येतं."

अधिकारी थांबले. मग त्यांनी कागद त्यांच्याकडे वळवले. साहेबरावांनी दोन्ही हातांची दोन बोटं दोन कागदांवर ठेवली आणि एकेक अक्षर सरकवत नेलं. एके ठिकाणी ते अडले. "हा आकडा ह्याच्यात तीन हाय, त्याच्यात आठवाणी दिसतोय."

अधिकारी वाकले. कार्बन पसरल्यामुळे ऑफिसच्या प्रतीत इंजन नंबरातला तिनाचा आकडा खरोखरच आठासारखा उमटला होता. मूळ रजिस्टर आणून पाहिलं. तीनच होता. आरसी बुकातही तीनच. ही चूक पेंटरने दाखवली नसती तर कुणाच्या लक्षात आली नसती. आणि आली असती, तर अडचण त्यालाच झाली असती. हे अधिकाऱ्यांच्या ध्यानात आलं असावं. कारण त्यांनी चष्मा काढून पुसला आणि चहा सांगितला.

"पत्ता सोडून कुठं काही फरक नाही," ते म्हणाले. "आणि पत्त्याने गाडीची जोखीम बदलत नाही. जबाब घेऊन मी हे मंजूर करतो. पत्ता बदलल्याची आमची चिठ्ठी याला जोडू, सही-शिक्क्यानिशी. टायरचं निम्मं आणि गंजलेला पत्रा तुमच्याकडे. मागची खळगी तुम्हीच सोडलीत. मोडलेली शिडी आणि रंगाचे डबेही यात नाहीत. ते सामान आहे, गाडी नव्हे."

"ठाव हाय साहेब. लेकीनं वाचलंय."

टेम्पो महिनाभर गॅरेजात होता. नवं नाक बसलं, नवी काच आली. मेच्या अखेरीस साहेबराव तो आणायला लातूरला गेले तेव्हा धुरपताबाई मुद्दाम बरोबर गेल्या. इतके दिवस त्या डुकरात बसल्या नव्हत्या. गॅरेजवाल्याने चावी दिली, टेम्पो फटफट करत रस्त्याला लागला. साहेबरावांच्या गुडघ्याला, खांद्याला आणि जिवाला एकदम हलकं वाटलं. शिरूरच्या शाळेची पाटी अजून तशीच उस्मानाबादेत होती. उद्या सकाळीच निघता येणार होतं.

शहराच्या वेशीपर्यंत धुरपताबाई दाराची कडी घट्ट धरून बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "आवं, एक विचारू का?"

"इचार की."

"रस्त्यावरच्या माणसाचं भरून मिळतं. टेम्पोचं बी मिळतं. शिडीचं मिळत न्हाई, ते कळलं. पण म्या आता हितं आत बसलेय. टेम्पो पुन्हा आडवा झाला तर माझं काय? म्या कशात धरलेय?"

साहेबरावांनी टेम्पोचा वेग कमी केला. समोर रस्ता मोकळा होता. उन्हं जरा कलली होती, म्हणजे ऑफिस बंद व्हायला अजून तासभर तरी होता.

"ते इचारायचं राहिलं बघ," ते म्हणाले, आणि त्यांनी टेम्पो वळवला.